तबकडी शाबूत, पण वाचणारे यंत्र कोठे?

लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तेथे ‘डोम्सडे बुक’ नावाचा एक जुना ग्रंथ फार काळजीने जपून ठेवलेला आहे. विल्यम राजाने १०८५ सालच्या नाताळात आज्ञा दिली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १०८६ मध्ये, त्याच्या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून कोणाची जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, याची नोंद केली. तेरा हजारांहून अधिक गावांची नावे त्यात आहेत. हे सारे मेंढीच्या कातड्यावर शाईने, लॅटिन भाषेत लिहिलेले आहे. आज त्याला नऊशेहून अधिक वर्षे झाली, तरी लॅटिन जाणणारा अभ्यासक ते पान उघडतो आणि वाचतो. त्यासाठी वीज लागत नाही की कोणते यंत्र लागत नाही.

या ग्रंथाला नऊशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा बीबीसीने ठरवले की आपणही आपल्या काळाचा असाच एक ग्रंथ करावा. मात्र तो कातड्यावर न लिहिता संगणकासाठी करावा. १९८४ मध्ये काम सुरू झाले आणि १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पण जुना ग्रंथ नऊशे वर्षे टिकला, आणि हा नवा ग्रंथ अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत जवळजवळ वाचता येईनासा झाला. असे का झाले आणि तो पुन्हा कसा वाचला गेला, हे वाचकांना आज सांगावेसे वाटते. कारण विलायतेतील ती गोष्ट आपल्या घरातल्या कपाटापर्यंत येऊन पोहोचते. लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, झाकरीची गाणी हे सारे आता आपणही कागदावर किंवा कॅसेटवर न ठेवता हार्ड डिस्कवर ठेवू लागलो आहोत.

मुलांनी लिहिलेला ग्रंथ

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या योजनेतील एक भाग आम्हांला विशेष भावतो. १०८६ चा ग्रंथ राजाच्या कारकुनांनी लिहिला. १९८६ चा ग्रंथ मोठ्या प्रमाणावर शाळेतल्या मुलांनी लिहिला. सगळ्या देशाचे लांबीला चार आणि रुंदीला तीन किलोमीटर असे चौकोन पाडले. एकेक चौकोन जवळच्या शाळेकडे किंवा स्थानिक मंडळाकडे सोपवला. मुलांना सांगितले की आणखी हजार वर्षांनी जो कोणी वाचील, त्याला तुमच्या गावाबद्दल काय जाणून घ्यावेसे वाटेल ते लिहा.

मग मुले वह्या-पेन्सिली घेऊन बाहेर पडली. त्यांनी दुकाने मोजली, शेतांत काय पिकते ते पाहिले, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारले, शाळेत दुपारी काय खायला मिळते तेही लिहिले. दहा लाखांहून अधिक लोकांचा या कामाला हात लागला. मजकुराची जवळजवळ दीड लाख पाने जमली आणि लोकांनी स्वतः काढलेली तेवीस हजारांवर छायाचित्रे जमली. त्याच्या जोडीला सरकारी नकाशे होते आणि १९८१ च्या जनगणनेचे आकडेही होते.

हे सारे लेसर किरणाने वाचायच्या दोन मोठ्या तबकड्यांवर उतरवले. एक तबकडी गावोगावच्या माहितीची आणि दुसरी साऱ्या राष्ट्राची. आकाराने त्या ग्रामोफोनच्या लाँग-प्ले रेकॉर्डएवढ्या, पण आरशासारख्या चकचकीत. त्या वाचण्यासाठी फिलिप्स कंपनीचे ‘व्हीपी ४१५’ हे खास यंत्र, त्याला जोडायला एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मास्टर’ संगणक, आणि पडद्यावर खूण फिरवण्यासाठी चेंडू बसवलेली पेटी, एवढा सरंजाम लागे. त्याची किंमत सुमारे पाच हजार पौंड होती. त्या काळी एवढे पैसे कोणत्या शाळेजवळ असणार? त्यामुळे ज्या मुलांनी उन्हापावसात फिरून माहिती आणली, त्यांतल्या पुष्कळांना आपले लिहिलेले पडद्यावर कधी पाहायलाच मिळाले नाही.

कुलूप आहे, पण किल्ली हरवली

यंत्रे फार विकली गेली नाहीत. थोड्याच वर्षांत संगणकाच्या जगाने दुसरी वाट धरली. तसली यंत्रे बनेनाशी झाली, सुटे भाग मिळेनासे झाले. २००२ सालापर्यंत ब्रिटनमध्ये चालू स्थितीतली यंत्रे शोधून काढावी लागत होती. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की हजार वर्षांसाठी केलेला ग्रंथ पंधरा वर्षेच टिकला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. तबकड्या बिघडल्या नव्हत्या. त्या जळल्या, फुटल्या किंवा कुजल्या नव्हत्या. त्यांच्यावरचे अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते. गेले होते ते वाचण्याचे साधन, आणि तेही एक नव्हे, एकामागून एक असे चार पदर. पहिला पदर तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा. दुसरा त्या यंत्राला संगणकाशी जोडणाऱ्या तारेचा आणि त्यांच्या आपसांतल्या बोलीचा. तिसरा खुद्द संगणकाचा. आणि चौथा ‘बीसीपीएल’ नावाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचा. कोणत्या नकाशामागे कोणते चित्र दाखवायचे हे फक्त तिलाच ठाऊक होते. शिवाय चित्रे दूरदर्शनच्या संकेतासारखी साठवलेली आणि मजकूर मात्र तबकडीवर आवाजासाठी राखलेल्या जागेत आकड्यांच्या रूपात भरलेला, अशी सगळी विशेष रचना होती. दुसऱ्या कोणत्याही यंत्राला तिचा पत्ता लागणे शक्य नव्हते.

आपल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्यास मोडी लिपीचे उदाहरण पुरेसे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतील लक्षावधी कागद आहेत. कागद चांगला आहे, शाई टिकलेली आहे, भाषा तर आपली मराठीच आहे. पण छपाईत आणि शाळेत बालबोध देवनागरी रूढ झाली, मोडी मागे पडली, आणि पणजोबांनी केलेले खतपत्र पणतूला वाचता येईना. महाराष्ट्रात २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे मोठे काम निघाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी केवढी गरज भासली! कागद टिकला, पण वाचक टिकवला नाही, तर कागद मुका होतो. तबकडीचेही असेच झाले.

तबकडी पुन्हा बोलू लागली

हा ग्रंथ वाचवण्याचे काम एका माणसाने किंवा एका संस्थेने केले नाही. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या बाजूंनी हात लावला.

प्रथम ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठ आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ यांनी मिळून ‘कॅमिलिऑन’ नावाची योजना हाती घेतली. त्यांनी जुन्या यंत्रातून तबकडीवरचा सगळा ऐवज आधी नव्या संगणकावर उतरवून घेतला. नंतर नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यायला लावले. म्हणजे अशी एक आज्ञावली तयार केली, की जी चालू केली असता आजचा संगणक जुन्या ‘बीबीसी मास्टर’सारखा वागू लागतो, आणि १९८६ ची मूळ आज्ञावली फसून त्याच्यावर सुखाने चालते. बीबीसीच्या संगणकांची अशी सोंगे हौशी लोकांनी आधीच बनवलेली होती. त्या पायावर पुढचे काम झाले. २००२ च्या अखेरीस हा प्रयोग यशस्वी झाला.

दुसरी बाजू मूळ कामातील मंडळींनी सांभाळली. अँडी फिनी हे १९८६ च्या चमूतले. तबकड्या ज्यांवरून तयार केल्या त्या मूळ व्हिडिओ फिती अजून शिल्लक होत्या. त्यांच्यावरची चित्रे तबकडीपेक्षा अधिक स्वच्छ होती. ती २००३ मध्ये नव्या पद्धतीने उतरवून घेण्यात आली. एड्रियन पिअर्स यांनी तबकडीतील माहितीची रचना उलगडून ती साध्या संगणकावर आणि पुढे इंटरनेटवरही वाचता येईल अशी केली. पण २००८ मध्ये पिअर्स अकस्मात वारले आणि ते पान बंद पडले. सगळी किल्ली एकाच माणसाच्या हातात असली की काय होते, याचा हा धडा आहे.

त्यानंतर २०११ च्या मे महिन्यात खुद्द बीबीसीनेच गावोगावची माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. १९८६ मध्ये ज्यांनी दहाव्या वर्षी लिहिले होते ते आता पस्तिशीचे झाले होते. आपल्या जुन्या गावाचा चौकोन उघडून त्यांना आपला मजकूर प्रथमच वाचता आला, आणि त्याच जागेचे आजचे छायाचित्र शेजारी लावण्याची सोयही होती. २०१८ मध्ये बीबीसीने ती सेवा बंद केली. परंतु बंद करण्यापूर्वी तिची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात जाऊन बसली होती. म्हणजे जेथे १०८६ चा ग्रंथ आहे, त्याच संस्थेकडे १९८६ च्या मुलांचे लिखाणही पोहोचले.

काम अजूनही थांबलेले नाही. सायमन इन्स आणि इतर हौशी तंत्रज्ञांनी ‘डोम्सडे ८६’ या नावाने आणखी एक उद्योग चालवला आहे. यंत्रातील लेसर तबकडीवरून जो कच्चा संकेत उचलतो, तोच थेट पकडून संगणकात साठवायचा आणि त्याचा अर्थ मागाहून आज्ञावलीने लावायचा, अशी त्यांची रीत आहे. जुन्या यंत्रातील थकलेले सुटे भाग मध्ये येत नसल्यामुळे मूळ तबकडीची शक्य तितकी पूर्ण प्रत मिळते. त्यासाठी लागणाऱ्या उपकरणाचा आराखडाही त्यांनी सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे.

या सगळ्या खटपटीत प्रत्येकाने एक नियम पाळलेला दिसतो: आधी पूर्ण नक्कल करून घ्या, मूळ वस्तूला हात कमी लावा, आणि जे काही करून पाहायचे ते नकलेवर करा. दुसरे असे, की कोणीही ‘तबकडी खराब झाली’ म्हणून टाकून दिली नाही. टाकली असती तर पुढची कोणतीच युक्ती चालली नसती.

आपल्या घरातली डिस्क

आता ही गोष्ट आपल्या बेटावर आणू. आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली ब्रिटनमध्ये शिकतात, नोकरी करतात, तेथेच संसार थाटतात. सुट्टीला येताना कोणी फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क बरोबर आणतात. ती घरच्या पंधरा-वीस वर्षांच्या संगणकाला जोडावी, तर संगणक ओळखच दाखवत नाही.

आमच्या परिचयातील एका घरी असेच झाले. धाकट्या मुलीने लंडनहून चार टेराबाइटची डिस्क आणली होती. तिच्यात दिवंगत आजीच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या झाकरीच्या ओळी होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. घरच्या जुन्या संगणकाने ती डिस्क रिकामी असल्यासारखी दाखवली. ‘डिस्क गेली, फेकून द्या’ असा सल्लाही कोणी दिला. शेवटी शेजारच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपला तीच डिस्क तीच तार लावून जोडली, तर पहिल्याच खेपेला सर्व काही दिसले. आजीचा आवाज खोलीत घुमला तेव्हा घरातली मोठी माणसेसुद्धा गप्प झाली. डिस्कला काहीच झाले नव्हते. ती जुन्या संगणकाला वाचता येत नव्हती, इतकेच.

असे होण्याची कारणे साधी आहेत. प्रत्येक डिस्कच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. जुन्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेत जागांचे क्रमांक लिहायला रकाना लहान, म्हणून दोन टेराबाइटच्या पुढचे तिला मोजताच येत नाही. मोठ्या डिस्कवर नव्या पद्धतीची अनुक्रमणिका असते, आणि विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीला ती कळत नाही. दुसरे कारण फायली मांडण्याच्या रीतीचे. अॅपलच्या संगणकावर तयार केलेली डिस्क विंडोजला सहसा वाचता येत नाही. त्याला वेगळी आज्ञावली लागते. तिसरे कारण विजेचे. जुन्या संगणकाच्या यूएसबी छिद्रातून कमी वीज येते, डिस्क नीट फिरत नाही आणि नुसती टकटक करते. आणि चौथे कारण जोडणीचे: जुन्या डिस्कची पट्टी रुंद, नव्याची अरुंद. त्यासाठी दोन्हींना चालणारी जोडतार मिळते आणि ती फार महागही नसते.

मग करावे काय? आमच्या अनुभवातून आणि जाणकारांकडून समजले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. संगणक पडद्यावर विचारतो, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे, करू का?’ येथे ‘नाही’ म्हणावे. ज्याला वही वाचता येत नाही असा माणूस म्हणतो, ‘वही कोरी करून देतो, मग मी वाचीन’, तसा हा प्रकार आहे.

दुसरे, ती डिस्क दुसऱ्या, नव्या संगणकाला जोडून पाहावी. तार बदलून पाहावी. अॅपलवर भरलेली असेल तर अॅपललाच जोडावी. निम्म्याहून अधिक चिंता येथेच मिटते, असे आमचे मत झाले आहे.

तिसरे, नवा संगणक नसेल तर जुन्यालाच नवी प्रणाली तात्पुरती देता येते. लिनक्स नावाची प्रणाली एका छोट्या यूएसबी कांडीवर उतरवून घ्यावी आणि संगणक त्या कांडीवरून सुरू करावा. संगणकातील मूळ सामानाला धक्का लागत नाही आणि नव्या पद्धतीच्या पुष्कळ डिस्क दिसू लागतात. हे काम शाळेतील मोठ्या वर्गाची मुलेही शिकू शकतात.

चौथे, फॉरमॅट चुकून झालेच, किंवा फायली पुसल्या गेल्या, तरी फिरत्या डिस्कवर आशा असते. झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त अनुक्रमणिका बदलते, आतली पाने तशीच असतात. मात्र त्या डिस्कवर नवे काही लिहू नये, नाहीतर जुन्यावर नवे चढते. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिहिलेल्या ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ या मोफत आज्ञावल्या हरवलेली अनुक्रमणिका आणि फोटो शोधून देतात. सापडलेले सामान नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. नव्या, न फिरणाऱ्या डिस्क मात्र पुसलेली जागा आपोआप रिकामी करून टाकतात. त्यांच्याबाबतीत आशा कमी असते.

पाचवे, चांगल्या संगणकाला जोडूनही डिस्कमधून खरखर किंवा टकटक येत असेल, तर ती ताबडतोब बंद करावी. पुन:पुन्हा चालू करून पाहू नये आणि घरी उघडू तर मुळीच नये. आतली सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते. धुळीचा कणही तेथे घात करतो. हे काम तज्ज्ञांचे आहे आणि त्याला खर्च येतो.

वाचणाराही जपा

आपल्या पूर्वजांच्या नोंदी आजही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. जहाजावरून उतरलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव हे सारे मोठ्या कागदी वह्यांत लिहिलेले आहे. करारबद्ध मजुरांच्या या नोंदींना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिले. त्या वह्यांमुळे आपल्यापैकी कित्येकांना आपले मूळ गाव सापडले. तेव्हाच्या कारकुनाने आपल्यासाठी म्हणून ते लिहिले नव्हते. पण ते कागदावर होते, आणि कोणीतरी ते जपले, म्हणून आपल्याला मिळाले.

आपण आपल्या नातवंडांसाठी काय ठेवणार आहोत? डिस्क ठेवणार असू, तर ती जपण्याची रीतही पाळली पाहिजे. ज्याची एकच प्रत आहे ती वस्तू हरवल्यासारखीच समजावी. निदान दोन प्रती कराव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. ब्रिटनमधील मुलीकडे ठेवली तर आणखी उत्तम. संगणक बदलला की जुने सामान नव्यावर लगेच उतरवावे, दहा वर्षे थांबू नये. फोटो, आवाज आणि मजकूर सर्वत्र चालणाऱ्या साध्या स्वरूपात ठेवावेत. आजीच्या गाण्याचे शब्द देवनागरीत कागदावर उतरवून काढावेत, आणि चांगल्या फोटोंपैकी चारदोन छापून घ्यावेत.

डिस्कवर चिठ्ठी चिकटवणेही विसरू नये: यात काय आहे, कोणी भरले, कोणत्या साली, कोणत्या संगणकावर. आणि हे सारे घरातील एकालाच ठाऊक असू नये. दोघांना तरी ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक तरुण असावा.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. येत्या सुट्टीत मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या गल्लीचा एक चौकोन घ्यावा आणि हजार वर्षांनी येणाऱ्या माणसासाठी त्याबद्दल दोन पाने मराठीत लिहावीत: दुकानात भाकरीच्या पिठाचा भाव काय, गणपतीला कोणाच्या घरी कोण जमते, आजोबा घरी कोणती भाषा बोलत. ती पाने संगणकावर चढवा, पण मूळ वहीही शाळेच्या कपाटात ठेवा. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते दोघा-चौघांना सांगून ठेवा.